पाठ केलेल्या चुका

आमच्या शाळेत निबंध लिहिला जात नाही, उतरवून घेतला जातो. मी तिथंच मराठी शिकवते, त्यामुळे हे म्हणायचा मला अधिकार आहे. कोल्हापुरातल्या बाकीच्या शाळांत याहून काही फार वेगळं चालत असेल, असंही मला वाटत नाही. नववीच्या ब तुकडीला मराठी शिकवणारे सर माझ्याहून सीनियर. ते खुर्चीत बसून निबंध सांगतात, पोरं खाली मान घालून लिहून घेतात, घरी जाऊन पाठ करतात आणि परीक्षेत ओततात. 'माझी आई' हा सरांचा सगळ्यात गाजलेला निबंध. त्यातली आई पहाटे पाचला उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते आणि 'बाळा ऊठ, यश तुझी वाट पाहत आहे' अशी हाक मारते. ब तुकडीतल्या एका मुलाची आई नर्स आहे. रात्रपाळी असली की पहाटे पाचला ती पेशंटचा ताप बघत असते. दुसरा एक मुलगा मुसलमान कुटुंबातला, त्याच्या घरी तुळस नाही. पण निबंधात दोघांच्याही आया पाचला उठून तुळशीला पाणी घालतात आणि दोघांनाही चांगले मार्क पडतात. मी एकदा हे सरांच्या कानावर घातलं तर सर शांतपणे म्हणाले, "बाई, आई कशी हाय ह्याला मार्क नसतात. निबंध कसा हाय ह्याला असतात."

मला सरांचा संताप येतो. पण त्यांच्या बाजूनं एवढं म्हणेन की तेव्हा ते निदान ढोंग करत नव्हते. पोरांना पास करायचं, बास. लेखनकौशल्य, सर्जनशीलता असले शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. ते त्यांच्या तोंडात कोंबले पुण्याहून आलेल्या साहेबांनी.

साहेब प्रशिक्षणाला आले होते. जिल्ह्यातल्या मराठीच्या शिक्षकांना एका मंगल कार्यालयात गोळा केलं होतं. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नातली झेंडूची तोरणं तशीच होती आणि त्यांच्या खाली बॅनर, 'उत्पादनाकडून प्रक्रियेकडे'. साहेबांनी जॅकेट घातलेलं, एप्रिलमध्ये. ते म्हणाले, आजवर तुम्ही मुलांकडून तयार माल मागत आलात. पुढं नमुना ठेवायचा आणि तसाच माल काढून घ्यायचा. आता तसं चालणार नाही. लेखन ही प्रक्रिया आहे. मूल आधी विचार करेल, मग कच्चं लिहील, मग ते मोडेल, पुन्हा लिहील. माझ्या शेजारी आमचे सर बसले होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे कारखान्यागत. साखर उत्पादन, आणि प्रक्रिया म्हणजे मळीचा वास." मला हसू आलं. त्या दिवशी मी त्यांच्यावर खूश झालेली तेवढीच.

खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं मला पटत होतं. आधी वाईट लिहायचं आणि मग ते बरं करायचं, यात न पटण्यासारखं आहे काय? पण एवढंच सांगायला प्रोजेक्टर, चार्टपेपर, स्केचपेन आणि दुपारचं जेवण कशाला लागतं, हे मला कळत नव्हतं. आम्हा घोडीएवढ्या मास्तरणींना गोल करून बसवलं आणि 'पाऊस' या शब्दाभोवती फुगे काढायला लावले. मग साहेबांनी मूल्यमापनाचा तक्ता वाटला आणि तिथं माझा उत्साह मावळला. प्रत्येक मुलाची एक फाइल. तिच्यात पहिला मसुदा, दुसरा मसुदा, अंतिम लेखन. मसुद्यागणिक चुका कमी झाल्या पाहिजेत, मजकूर वाढला पाहिजे, प्रगती दिसली पाहिजे. म्हणजे मालच मागायचा होता, फक्त आता तो तीन नगांत.

माझी तुकडी क. क तुकडी म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगावं लागू नये. तिच्यात कागलच्या पलीकडून, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावातून एसटीनं येणारी एक मुलगी होती. लिंगायत घरातली, बापाचं गावात किराणा दुकान. घरात सगळा कारभार कन्नडमध्ये. आईला अव्वा म्हणायची, बापाला अप्पा, थोरल्या बहिणीला अक्का. मराठी ती शाळेत आणि एसटीत शिकली होती, त्यामुळे बोलायची अस्सल कोल्हापुरी आणि लिहायचीही तशीच. पहिल्या सत्रात मराठीत नापास झाली. गाइडमधून पाठ केलेला निबंध तिला अर्ध्यात आठवेना, म्हणून उरलेला तिनं मनानं लिहिला. पेपर तपासणाऱ्यानं त्या मनानं लिहिलेल्यावर उभी रेघ मारली होती.

आमच्या फाटकावर दरवर्षी 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फ्लेक्स लागतो. त्यावर संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो असतात आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली तर, मुलांचे. हा शंभर टक्के कसा येतो? तर नववीत कच्चं निघालेलं मूल दहावीला आमच्या शाळेतून बसूच द्यायचं नाही. पालकांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं. म्हणजे मूल बाहेरून परीक्षा देणार, नापास झालं तर आमच्या निकालाला धक्का नाही. हेडसर हे इतक्या मायेनं सांगतात की पालक उठताना त्यांचे आभार मानतात.

या मुलीच्या बापाने मात्र आभार मानले नाहीत. पहिल्या सत्रानंतर त्याला बोलावलं तेव्हा मीही केबिनमध्ये होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाहेरनंच बसवायची आसंल तर रोज एसटीनं कशाला धाडू ओ? शाळा बंद करतो. दुकानात बसंल की." मुलगी दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही, पण तिनं दप्तराचा पट्टा हाताला गुंडाळून घेतलेला दिसत होता. शेवटी हेडसर म्हणाले, दुसऱ्या सत्रात मराठीची लेखनाची फाइल चांगली झाली तर बघू. एवढ्यावर ती पोरगी शाळेत राहिली.

दुसऱ्या सत्रात मी माझ्या तुकडीत प्रक्रिया सुरू केली. साहेबांच्या तक्त्याप्रमाणे आधी फुगे. पोरींनी बांगडी ठेवून अगदी गोल काढले, रंगवले आणि आत काहीही लिहिलं नाही. मग 'मित्राचा अभिप्राय'. सगळ्यांनी सगळ्यांना 'छान' असा अभिप्राय दिला, एकाने फक्त 'अक्षर सुधार' असं लिहिलं आणि मधल्या सुट्टीत मार खाल्ला. शेवटी मी फुगे आणि अभिप्राय गुंडाळून ठेवले. म्हटलं, गेल्या महिन्यात घरात घडलेली एक गोष्ट लिहा. कसंही लिहा. मी वाचून एक प्रश्न विचारणार, त्याचं उत्तर घालून पुन्हा लिहायचं.

या मुलीने पहिल्यांदा तीन वाक्यं लिहिली. अक्का आली. चहा पिली. गेली.

"एवढंच?" मी विचारलं.

"व्हय मॅडम. तेवढंच झालं की."

"मग ही गोष्ट का निवडलीस?"

ती वही घेऊन गेली. दुसऱ्यांदा दोन पानं भरून आणली. त्यात अक्काचं लग्न होतं, कोल्हापुरातलं सासर होतं, सासरी सगळे मराठी बोलतात हे होतं, अक्काच्या साडीचा रंग आणि चहाबरोबर दिलेला चिवडाही होता. आणि मध्येच एक वाक्य: अक्का आज अव्वासमोर मराठीत बोलली. मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, अव्वाला मराठी येतं का? ती म्हणाली, "न्हाय. बाजारातलं जरा जरा कळतंय."

तिसऱ्यांदा मजकूर कमी झाला. साडी गेली, चिवडा गेला. अक्का चहा पीत पीत, अव्वाच्या डोळ्यांदेखत, धाकट्या बहिणीला, म्हणजे हिला, मराठीत काहीतरी सांगत होती आणि अव्वा एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. मी फक्त विचारलं, काय सांगत होती? ती बाकावर बोट घासत राहिली. मग म्हणाली, "लिव्हू काय मॅडम ते?" मी म्हटलं, तुला लिहावंसं वाटलं तर.

चौथ्यांदा तिनं जेमतेम एक पान आणलं. अक्का म्हणाली होती, मला परत जाऊ वाटत नाही, पण अव्वाला सांगू नको. म्हणून ती मराठीत बोलली होती. अक्का गेल्यावर अव्वानं विचारलं, ती काय म्हणत होती? आणि शेवटचं वाक्य होतं, 'मी सांगितलं, चहा चांगला झालता म्हणाली.'

मी स्टाफरूममध्ये ते पान वाचलं आणि उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी मराठी शिकवते. मुलानं लिहिलेलं वाचून मला असं उठावं लागल्याची दुसरी आठवण नाही. ओळीओळीला चुका होत्या. त्या दुरुस्त करायला मी पेन उघडलं आणि बंद केलं.

तिकडे ब तुकडीत सरांचीही प्रक्रिया जोरात होती. सरांनी घरी बसून तक्ता नीट वाचला होता आणि त्यांच्या लक्षात आलं होतं की यात बदलायचं काहीच नाही, फक्त उलट्या बाजूनं यायचं. त्यांनी पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे 'माझी आई' सांगितला. पोरांनी सुवाच्य अक्षरात उतरवला. ते झालं अंतिम लेखन. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, आता ह्याचा दुसरा मसुदा काढा, थोड्या चुका घाला. तिसऱ्या दिवशी पहिला मसुदा, भरपूर चुका. चुका कुठं घालायच्या तेही फळ्यावर लिहून दिलं, कारण पोरांना मनानं चुकता येईना. पाठ केलेलं इतकं पक्कं होतं की हात आपोआप बरोबर लिहायचा. एका मुलीनं विचारलं, सर, माझं जास्त चुकलंय, खोडू का? सर म्हणाले, "खोड की. खोडल्यालं बरं दिसतंय." पहिल्या मसुद्याला कळकट कागद, दुसऱ्याला रेघांचा, अंतिम लेखनाला किनारीवर फुलं. फाइली अशा देखण्या झाल्या की मी स्वतः पाहून चाट पडले.

साहेब फाइली बघायला आले तेव्हा ब तुकडीसमोर हरखून गेले. पहिल्या मसुद्यात सगळ्या वर्गाच्या चुका एकाच ओळीत, एकाच शब्दावर होत्या. कुणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. साहेब म्हणाले, बघा, या वयात मुलं नेमकी कुठं अडखळतात हे किती स्पष्ट दिसतं. त्यांनी त्याचा फोटो काढला, कुठल्यातरी सादरीकरणात घालणार होते. सर हात पाठीमागे बांधून उभे होते, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

मग माझी तुकडी. या मुलीची फाइल साहेबांनी उलटसुलट केली. पहिला मसुदा तीन ओळींचा, दुसरा दोन पानांचा, पुढचे दोन कमी कमी होत गेलेले. चुका पहिल्यात कमी आणि शेवटच्यात जास्त, कारण पहिल्यात चुकायला शब्दच नव्हते. साहेब म्हणाले, "मॅडम, इथं तर अधोगती आहे." मी म्हटलं, "सर, शेवटचं पान वाचता का?" ते म्हणाले, वाचतो ना, आणि तक्त्यात मार्क भरून फाइल मिटली. ते पान त्यांनी वाचलं नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होते. मुलं कसा विचार करतात हे आम्हाला शिकवायला सरकार ज्याला पाठवतं, त्या माणसाला एक पान वाचायला सवड नव्हती.

संध्याकाळी हेडसरांनी मला बोलावलं. म्हणाले, "ह्या मुलीची फाइल अशी गेली तर माझा नाइलाज आहे. सोमवारपर्यंत नीट करून घ्या. ब तुकडीतली एखादी पुढं ठेवा आणि करून घ्या." मी म्हटलं, मी करून घेणार नाही. तिनं लिहिलंय ते ब तुकडीच्या सगळ्या फाइली एकत्र केल्या तरी त्यात सापडणार नाही. हेडसर म्हणाले, "असेल हो. पण तुमच्या तत्त्वापायी तिची शाळा जाईल, तुमची नाही." रागानं माझे कान तापले होते, आणि राग अशासाठी की तो माणूस पहिल्यांदाच खरं बोलत होता.

मुलीला मी फाटकाजवळ गाठलं आणि जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, मी पुन्हा भांडून बघते. ती म्हणाली, "भांडू नका मॅडम. एसटी चुकंल, जातो मी." आमच्याकडच्या मुली जातो, येतोच म्हणतात. त्याचेही सर मार्क कापतात.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर तिची फाइल होती. 'माझी आई'. कळकट कागदावर पहिला मसुदा, रेघांच्या कागदावर दुसरा, फुलांच्या किनारीत अंतिम लेखन. चुका फळ्यावरच्या बरहुकूम. ब तुकडीतल्या मैत्रिणीकडून तिनं वही नेली होती आणि दोन दिवसांत सगळं उतरवून काढलं होतं. तिच्या अव्वाला मराठीत मीठ मागता येत नाही, पण फाइलीतली अव्वा पहाटे पाचला उठून शुद्ध मराठीत यशाबद्दल बोलत होती. हेडसरांनी फाइल पाहिली, म्हणाले, आता कशी प्रगती दिसते. तिला चांगले मार्क पडले, ती दहावीत आली, सतरा नंबरचं पुन्हा कुणी बोललं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटत होतं आणि ते नक्की कुणाचं, हे ठरत नव्हतं.

यंदा पावसाळ्यात साहेब पुन्हा आले, या खेपेला बरोबर आणखी दोघांना घेऊन. आमची शाळा आता प्रक्रिया-लेखनाची आदर्श शाळा झाली आहे. सर मार्गदर्शक म्हणून तालुक्याला व्याख्यानं देतात आणि सर्जनशीलता हा शब्द न अडखळता उच्चारतात. पाहुण्यांना दाखवायला हेडसरांनी नेमकी याच मुलीची फाइल काढली, कारण कन्नड घरातली, आधी नापास, आणि मग एवढी प्रगती. तिला वर्गातून बोलावून घेतलं. केबिनबाहेर ती थांबली होती, मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"ती अक्काची पानं आहेत का गं तुझ्याकडं?" मी विचारलं. फाइल बदलताना तिनं ती पानं घरी नेली होती.

"हायत की. अव्वाला वाचून दाखवली."

"तिला कुठं मराठी कळतं?"

"कन्नडात सांगत गेलो. शेवटचं पान सांगाय नको वाटलं, पण लिव्हलंतं तर सांगितलं."

"मग?"

"उठून चप्पल घातली आणि स्टँडवर गेली. एकटी कवा कोल्लापूरला आली नव्हती ती. अक्काला घेऊनच घरात आली रातच्याला." तिनं दाराकडं बघितलं. "अप्पा लई वरडले. पण अव्वा आयकली न्हाय. अक्का हाय आता आमच्यातच."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण तेवढ्यात हेडसरांनी आत बोलावलं. ती ओढणी सारखी करून गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, पहिल्या मसुद्यात इतक्या चुका होत्या, त्या कशा सुधारल्यास? तिनं विचारप्रक्रिया, पुनर्लेखन, स्वयंमूल्यमापन असं सगळं एका दमात सांगितलं. सरांनी पाठ करून घेतलं असणार. पाहुण्यांपैकी एक बाई खूपच भारावल्या. त्यांनी फाइल बंद करून तिचा हात हातात घेतला.

"आईबद्दल किती सुंदर लिहिलंस बाळ. आईला वाचून दाखवलंस का?"

"हो मॅडम," ती म्हणाली.

"मग? काय म्हणाली आई?"

मग तिचा आवाज आला, फाइलीतल्यासारखा स्वच्छ, एकही चूक नसलेला.

"आईला खूप आवडला."

बाईंनी मान डोलावली आणि हेडसरांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं.